पार्लरमधलं टर्नटेबल

पांढरकवड्यात माझं ब्युटी पार्लर आहे, औषधाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. माझं माहेरही याच गावातलं आणि सासरही. त्यामुळे गावातल्या निम्म्या नवऱ्या माझ्या खुर्चीवर बसून मांडवात गेल्या आहेत असं मी म्हणते, आणि ते फारसं खोटं नाही. हात स्थिर असणं हे माझं भांडवल. भुवई कोरताना दोरा जरासा घसरला तर ती बाई महिनाभर आरशासमोर उभी राहून मला शिव्या घालणार. ते मी कधी होऊ दिलेलं नाही.

काम करताना मला गाणी लागतात. आरशाच्या वर एक ब्लूटूथचा डबा होता, त्यावर दिवसभर काहीतरी चालू असायचं. पुढे जे घडलं ते माझी शाळेपासूनची मैत्रीण ऑटोतून पेट्या घेऊन आली त्या दुपारपासून सुरू झालं.

तिच्या अब्बांचा लाऊडस्पीकरचा धंदा होता. आमच्या लहानपणी आजूबाजूच्या खेड्यांत, तांड्यांवर, कोलामांच्या पोडांवर कुठेही लग्न निघालं की भोंगे, मशीन आणि रेकॉर्डांची पेटी घेऊन अब्बा हजर. पुढे कॅसेट आल्या, मग डीजे आले आणि धंदा बसला. अब्बा जाऊनही आता बरीच वर्षं झाली. मैत्रिणीने गेल्या वर्षी घराचं बांधकाम काढलं, दिवाण उपसला, आणि त्याच्या पोटातून रेकॉर्डांच्या दोन पेट्या निघाल्या.

“हे काय आणलंस वं?” मी विचारलं.

“अब्बाचे तवे,” ती पेटी खाली टेकवत म्हणाली. त्यांच्या घरी रेकॉर्डला तवाच म्हणत. “घरात नुसती सिमेंटची धूळ उडून राह्यली. तुले गाण्याचं वेड आहे, तू ठेव.”

“किती दिवस ठेवू?”

“ठेवूनच घे. भंगारवाला मागत होता, मले देववलं नाही.”

“अम्मीले विचारलं का?”

“विचारलं ना. ती म्हणते, ज्याले ऐकायचं असंन त्याले दे.”

मशीन मात्र नव्हतं. ते अब्बांनी धंदा बंद करताना विकून टाकलं होतं. म्हणजे माझ्याकडे रेकॉर्ड आल्या आणि त्या वाजवायला काही नाही. घराआधी दाराची कडी विकत घ्यावी तसं झालं. पण मला त्याचं दडपण आलं नाही. पार्लरचा कोर्स करतानाही मला सुरुवातीला काही येत नव्हतं.

पहिलं काम मी माझ्या पद्धतीने केलं. मेकअपसाठी माझ्याकडे गोल दिवा आहे, ज्याच्या उजेडात चेहऱ्यावरचा बारीकसा डागही लपत नाही. त्या दिव्याखाली एकेक रेकॉर्ड तिरकी धरून बघितली. कोणत्या नुसत्या धुळीने माखल्यात आणि कोणत्या खरोखर ओरखडल्यात ते लगेच कळत होतं. काही रेकॉर्ड जाड, जड, हातातून पडल्या तर काचेसारख्या फुटतील अशा होत्या. बाकीच्या पातळ आणि लवचिक, मोठ्या किंवा बशीएवढ्या लहान. मी दोन ढीग केले.

मग धुणं. इंटरनेटवर माणसं यासाठी पन्नास प्रकारचे द्रव सुचवतात. माझ्या नवऱ्याचं हायवेवर ट्रकच्या सुट्या भागांचं दुकान आहे, तिथे बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी कॅनने येतं. ते पाणी, त्यात बाळाच्या शाम्पूचा एक थेंब, आणि फेशियलचा माझा सगळ्यात मऊ ब्रश. मधला कागद ओला होऊ द्यायचा नाही, खाचांच्या दिशेनेच ब्रश फिरवायचा, आणि पुसायला कापूस वापरायचा नाही, कारण त्याचे तंतू खाचांत अडकतात. हे शेवटचं मला कोणी सांगायची गरज नव्हती. मस्करा लावताना कापसाचा तंतू काय करतो हे मला ठाऊक आहे. फक्त त्या जाड रेकॉर्ड मी ओल्या केल्या नाहीत, कोरड्या ब्रशनेच झाडल्या.

धुतलेल्या रेकॉर्ड मी भांड्यांच्या स्टँडमध्ये उभ्या केल्या. नवऱ्याला वाटलं मदत करावी. त्याने त्यातल्या दोन गच्चीवर उन्हात नेऊन ठेवल्या. एप्रिल होता. तासाभराने तो त्या खाली घेऊन आला तेव्हा त्यांच्या कडा वर आल्या होत्या, तळणीतल्या पापडासारख्या.

“लवकर वाळतीन म्हटलं,” तो म्हणाला.

“वाळल्या ना,” मी म्हणाले. रागावण्यासारखा त्याचा चेहरा नव्हता. त्या दोन मी भिंतीवर टांगल्या, अजूनही आहेत.

आता मशीन. पहिलं मी ऑनलाइन मागवलं, आणि फोटो बघूनच मागवलं. लाल रंगाची पेटी, पितळी कड्या, आतच स्पीकर. थेट नवरीच्या मेकअपच्या माझ्या पेटीसारखी दिसत होती. ती आली, मी उघडली, आणि अब्बांच्या ढिगातली शहनाईची रेकॉर्ड लावली. सुई अलगद टेकवली.

शहनाई वाजली, पण ती शहनाई वाटेना. शहनाईवाला एकेक सूर लांब धरून ठेवतो. तो सूर तिथे सरळ राहत नव्हता, किंचित खाली जायचा, पुन्हा वर यायचा, जणू वाजवणारा बैलगाडीत बसलाय. मला आधी वाटलं रेकॉर्डच खराब असेल. म्हणून दुसरी लावली, तिसरी लावली. सगळ्यांत तोच हेलकावा. म्हणजे दोष रेकॉर्डखालच्या चकतीच्या फिरण्यात होता. शिवाय सुईचा दांडा प्लास्टिकचा, जिथे टेकेल तिथे दाबून बसणारा. मी भिंगातून बघितलं तर सुईच्या टोकाला काळा भुगा जमलेला होता. ती रेकॉर्ड वाजवत होती आणि सोबत खरवडतही होती की काय, अशी मला शंका आली.

मैत्रीण खुर्चीवर बसून बघत होती. “मोबाईलवर सगळं भेटते वं,” ती म्हणाली. “कायले एवढा खटाटोप?”

“मोबाईलवर गाणं सुरू असलं की मी ऐकतच नाही,” मी म्हणाले. “भुवया करतो, फोनवर बोलतो, हिशेब करतो. हे लावलं की वीस मिनिटांनी उठून बाजू बदलाव लागते. मंग ऐकाव लागते.”

“आणि हे पसंत नाही तुले?”

“हे परत जाते.”

दुसऱ्याच दिवशी मी ती लाल पेटी परत पाठवली. दिसायला सुंदर होती याचं मला थोडं वाईट वाटलं, पण थोडंच.

त्यानंतर मी महिनाभर वाचलं, व्हिडिओ बघितले, आणि पक्कं केलं की आता डोळ्यांनी काही घ्यायचं नाही. नवरा माल आणायला नागपूरला जातोच. त्याच्या गाडीत बसले, मांडीवर एका पिशवीत शहनाईची रेकॉर्ड. वाटेत त्याने विचारलं, “त्या जाड रेकॉर्ड पण वाजल्या पाह्यजे ना? सगळं वाजवणारं एकच घेऊन टाक.”

हा मी आधीच विचार केलेला प्रश्न होता. जाड रेकॉर्ड जास्त वेगाने फिरवाव्या लागतात आणि त्यांना सुईही वेगळी, जाड लागते. पातळ रेकॉर्डची सुई त्यांच्यावर लावली तर सुईचंही नुकसान आणि रेकॉर्डचंही. सगळं करणारं यंत्र माझ्या ऐपतीत एकही काम नीट करणार नव्हतं. “त्या राहू दे,” मी म्हणाले. “माझ्याकडे पातळ रेकॉर्ड जास्त आहेत. आधी त्या नीट ऐकीन.”

नागपूरच्या त्या दुकानात खाली टीव्ही आणि फ्रिज, वर माडीवर गाण्याची यंत्रं. दुकानदार साठीचा, सफारीतला. त्याने नवऱ्याकडे बघून बोलायला सुरुवात केली. “सर, ये देखो, इसमें सबकुछ है. ब्लूटूथ, पेन ड्राइव्ह, रेडिओ.”

नवऱ्याने हात वर केले. “मले नका सांगू भाऊ. मले ट्रकचा हॉर्न सोडून काही ऐकू येत नाही. घेनारी ती आहे.”

दुकानदार माझ्याकडे वळला. मी विचारलं, “सुई झिजली तर बदलता येते का, आणि ती तुमच्याकडेच भेटते का? दांड्यामागचं वजन कमी-जास्त होते का? आणि साधे स्पीकर थेट लागतात, का मधे अजून एक डबा घ्याव लागते?”

त्याने विचारलं, “मॅडम, पहिलंच आहे ना तुमचं?”

“पहिलं आहे म्हणूनच विचारून राह्यली.”

माणूस चांगला होता. हसला, खुर्ची दिली, आणि मग मनापासून दाखवायला लागला. मी पिशवीतून शहनाई काढली. त्याने ती आधी त्या सबकुछवाल्या यंत्रावर लावली. तोच हेलकावा, फक्त कमी. मग एका काळ्या, साध्या दिसणाऱ्या टर्नटेबलवर लावली. त्यात रबरी पट्ट्याने चकती फिरत होती आणि दांड्याच्या मागे पितळी वजन होतं, फिरवून पुढेमागे करता येणारं. मी डोळे मिटले. लांब सूर सुरू झाला, आणि सुताराने ओढलेल्या रेघेसारखा शेवटपर्यंत सरळ गेला. सूर संपताना वाजवणाऱ्याने श्वास घेतला. तो श्वास मला ऐकू आला. मी डोळे उघडून नवऱ्याकडे बघितलं. त्यालाही ऐकू आला होता.

“आता हे पण ऐका,” म्हणत दुकानदाराने तिसरं काढलं, खूप वरच्या किमतीचं. मी तीच बाजू पुन्हा ऐकली, पूर्ण. ते चांगलंच होतं. पण मधल्यापेक्षा चांगलं कुठे आहे ते माझ्या कानाला सापडेना. मी तसं स्पष्ट सांगितलं.

“कान तयार झाला की समजंन,” तो म्हणाला.

“समजंन तेव्हा येईन. आज मधलंच द्या. उरलेल्या पैशात चांगले स्पीकर दाखवा.”

त्याने मला वजन कसं लावायचं ते दोनदा करून दाखवलं. आधी दांडा हवेत तरंगला पाहिजे, वर नाही की खाली नाही, आणि तिथून पुढे सुईला सोसेल एवढंच वजन द्यायचं. तिसऱ्यांदा मी केलं, आणि त्याने नुसती मान हलवली. येताना पूर्ण रस्ता ते खोकं मी मांडीवर धरलं. मागे ट्रकच्या क्लचप्लेटी होत्या, त्यांच्यात ते ठेवणार नव्हते.

पार्लरमध्ये मांडल्यावर दोन अडचणी आल्या. पहिली म्हणजे हेअर ड्रायर सुरू केला की स्पीकरमधून खरखर. ती मी टर्नटेबलचा प्लग दुसऱ्या भिंतीवर नेऊन मिटवली. दुसरी म्हणजे जिन्यावरून कोणी धाडधाड चढलं की सुई उडी मारायची. नवऱ्याने कडाप्पाचा एक तुकडा आणला आणि त्याच्या चार कोपऱ्यांखाली इंजिनाखाली बसवतात ती रबरं ठेवली. मोबाईल वर ठेवून कडाप्पा समपातळीत आहे की नाही ते आम्ही बघितलं, एका कोपऱ्याखाली पुठ्ठ्याची घडी सारली. त्यानंतर जिन्यावरून कोणी कितीही नाचत आलं तरी सुई हलली नाही. गच्चीवरच्या त्या दोन रेकॉर्डांची भरपाई झाली, असं तो म्हणाला. मीही ‘झाली’ म्हणाले.

मंगळवारी पार्लर बंद असतं. त्या मंगळवारी मी मैत्रिणीला आणि अम्मींना बोलावलं. अम्मींचे गुडघे आता दुखतात, त्या एकेक पायरी थांबत चढल्या. शाळेत असताना त्यांच्या घरी गेले की त्या माझ्या वेण्या सोडून पुन्हा घालायच्या, म्हणायच्या की माझ्या आईला घट्ट बांधता येत नाही. मी त्यांना फेशियलच्या आरामखुर्चीत बसवलं, आणि शहनाई लावली.

अम्मी हात पदरात घेऊन पूर्ण बाजू ऐकत राहिल्या. सुई मध्यावर जाऊन थांबली. मी दांडा उचलला. मला वाटलं आता त्या अब्बांबद्दल काही बोलतील, कदाचित रडतील.

“ये पहले किसने निकाला?” त्यांनी विचारलं.

“मी,” मी म्हणाले. “काहून?”

“शहनाई पहली नहीं बजती. लोग आये नहीं, दरी बिछी नहीं, और शहनाई?” त्यांनी हात पुढे केला. “दे इकडं.”

मी सगळा ढीग त्यांच्यासमोरच्या स्टुलावर ठेवला. मी त्या आकाराप्रमाणे आणि भाषेप्रमाणे लावल्या होत्या, स्वतःवर खूश होऊन. अम्मींनी कव्हरं वाचलीही नाहीत. रंग आणि कोपरे बघत, पत्ते पिसल्यासारख्या त्या रेकॉर्ड वरखाली करू लागल्या. हे वर, हे त्याच्या खाली, हे जेवणाच्या पंगतीचं, हे वरात दारात आली की. मैत्रीण बघतच राहिली.

“अम्मी, तुले हे कसं मालूम?”

“पेटी कौन भरता था?” अम्मी म्हणाल्या.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. अब्बा सायकलला भोंगे बांधायचे, मशीनला तेलपाणी करायचे, आणि निघताना फक्त सांगायचे की लग्न कोणाचं आणि कुठे. अम्मी स्वयंपाकघरात बसून पेटी भरायच्या, वरून खाली, ज्या क्रमाने वाजायचं त्या क्रमाने. अब्बा वरची काढून लावायचे, दुसरं डोकं चालवायचे नाहीत. तांड्यावरचं लग्न असेल तर ठेक्याची गाणी वर, कारण तिथे बाया आधी नाचणार. गावच्या पटेलाच्या घरचं असेल तर आधी भक्तीची. आणि नवरीला आई नसेल तर विदाईचं गाणं अम्मी पेटीतून काढूनच ठेवायच्या. तिथे कोणी हट्ट धरला तर अब्बांनी म्हणायचं, तवा फुटला.

“आणि तुम्ही लग्नात कधी ऐकलं?” मी विचारलं.

“मैं कहाँ जाती थी. दूर का भोंगा हवा के साथ कभी सुनाई देता था.” त्यांनी खिडकीबाहेर हात केला. “तो समज जाती थी, अभी खाना चल रहा है. अभी लडकी निकली.”

मैत्रीण म्हणाली, “अम्मी, तू एवढ्या वर्षांत हे एकदाही सांगितलं नाही.”

“इसमें बताने का क्या है? रोटी कौन बनाता था, वो भी बताऊँ?”

मैत्रीण हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. ती उठून खिडकीपाशी गेली. अम्मींनी ढिगातली सगळ्यात वरची रेकॉर्ड माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, “अब ये लगा. बराबर से.”

तेव्हापासून मंगळवारी अम्मी येतात. त्या सांगतात, मी लावते. त्यांना ऐकू थोडं कमी येतं, पण आवाज वाढवू देत नाहीत, खुर्चीच जवळ ओढून घेतात.

लग्नसराईत एकदा मोठी गंमत झाली. नवरी खुर्चीत, एका डोळ्याचं काजळ घालून झालेलं, दुसरं चालू. मी सहज हाताला लागलेली रेकॉर्ड लावलेली. ती निघाली नेमकी विदाईची. दुसऱ्याच ओळीला नवरीचा ओठ थरथरला आणि काजळ गालावर उतरलं. तिच्या सोबत आलेल्या मावशीही रडायला लागल्या. मला सगळा मेकअप पुसून पुन्हा करावा लागला आणि वरात ताटकळली. अम्मींच्या कानावर हे गेलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. “काजल के टाइम पे विदाई? अक्कल है क्या बेटी?” त्या दिवसापासून नवरी मुलींसाठीचा ढीग त्या वेगळा लावून जातात, आणि त्याला हात लावायची मला परवानगी नाही. एखादी मुलगी बुकिंगला आली की मी तिच्या घरची चार माणसं विचारून ठेवते आणि मंगळवारी अम्मींना सांगते. मुली आता मेकअप ठरवतानाच विचारतात की गाणी ती जुनी लावाल ना.

गावातले काही जण मला फोन करून विचारतात, पहिलं टर्नटेबल कोणतं घ्यावं. मी कंपनीचं नाव सांगत नाही. सांगते की आधी एक रेकॉर्ड मिळवा, आवडीची, स्वतःची. ती घेऊन दुकानात जा आणि तीच प्रत्येक यंत्रावर लावायला सांगा. दुकानदाराची रेकॉर्ड दुकानदाराच्या यंत्रावर छानच वाजणार.

आणि मी स्वतः? अब्बांच्या रेकॉर्डांवर मी पुष्कळ दिवस काढले, मग वाटलं आता माझ्या पसंतीचं एक तरी असावं. दिवाळीनंतर मी एक नवी रेकॉर्ड घेतली, पहिलीच. सतारीची, दोन्ही बाजू मिळून एकच राग. कव्हरवरचं प्लास्टिक नखाने फाडताना जो वास आला तो अजून आठवतो, नव्या पुस्तकासारखा पण थोडा रबरी. मंगळवारी मी ती अम्मींना न विचारताच लावली.

सतारवाला सुरुवातीला खूप वेळ घेतो. ठेका नाही, घाई नाही, एकेक सूर ठेवून तो पुढे जातो. मला ते फार आवडतं, अंगातला दिवसभराचा शीण उतरतो. अम्मींनी पाच मिनिटं वाट बघितली.

“शुरू कब होगा?” त्यांनी विचारलं.

“झालं ना सुरू, अम्मी.”

“हां?” त्या पुन्हा ऐकू लागल्या. मैत्रीण ओठ दाबून माझ्याकडे बघत होती. बाजू संपेपर्यंत अम्मी जागच्या हलल्या नाहीत, हे मी त्यांच्या बाजूने सांगायलाच पाहिजे. मग गुडघ्यावर हात ठेवून उठल्या.

“किसी की शादी में नहीं चलेगा ये,” त्या म्हणाल्या. “मैं चाय रखती हूँ. तू सुन.”

त्या आतल्या शेगडीकडे गेल्या, मैत्रीण दूध आणायला खाली उतरली, आणि मी रेकॉर्ड उलटली.